स्क्रीनवरची हवा

सोलापूर–धुळे महामार्गाने येडशी सोडून बीडकडे निघालं, की येरमाळ्यानंतर तेरखेडा लागतं. बाहेरच्यांना आमचं गाव फटाक्यांमुळे ठाऊक. माझं दुकान मात्र हवा-पंक्चरचं, अगदी हायवेला लागून. दिवसभर ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, तुळजापूरला निघालेल्या क्रूझर आणि कार यांची रीघ असते. रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग वाढला आणि गिऱ्हाइकाची तऱ्हाही बदलली. पूर्वी लोक काच खाली करून म्हणायचे, "मिस्त्री, हवा बघा जरा." आता गाडीतला माणूस मोबाइल दाखवावा तशी डॅशबोर्डकडे मान वळवतो आणि म्हणतो, "मागच्या उजव्यात एकोणतीस दाखवतंय. काय करायचं?"

टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे टीपीएमएस. आमच्या तोंडी नुसतं 'सेन्सर'. या सेन्सरच्या आकड्यावरून माझ्या दुकानासमोर रोज एक तरी वाद होतो. हे वाद मिटवता मिटवता जे ध्यानात आलं, ते इथे मांडतो.

१. गरम टायरची हवा काढू नका

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून आधी हेच.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा असते. ऊन रणरणत असतं. पहाटे पुण्याहून निघालेली गाडी बार्शी मार्गे येरमाळ्याला येते, दर्शन होतं आणि मग मंडळी बीडच्या दिशेने पुढे निघतात. दुपारी दोन वाजता असा एखादा गृहस्थ घाईघाईने माझ्याकडे वळतो. स्क्रीनवर चारही चाकांत ३९. "सकाळी ३३ होती हो! सहा वाढली. काढा, काढा, नाहीतर फुटेल."

मी काढत नाही. माणूस चिडतो, तरी काढत नाही.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला कंपनीचा आकडा हा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी असलेली, किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढणारच. कारच्या टायरला ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंश सेल्सिअसला दीड पीएसआयच्या आसपास. पहाटेच्या गारव्यात ३३ असलेला टायर दुपारी तापलेल्या डांबरावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने धावून साठ-पासष्ट अंशांवर गेला, की ३९ दिसतात. त्यात बिघाड काहीच नाही. टायर बनवणाऱ्याने हा चढ धरूनच टायर बनवलेला असतो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर कमाल दाब छापलेला असतो. कारच्या टायरवर तो बहुतेक वेळा ४४ किंवा ५१ पीएसआय असतो. तिथवर जायला अजून अंतर आहे.

आता समजा मी त्याचं ऐकून ३३ वर आणली. रात्री गाडी गार झाली, की तोच टायर २८ च्या खाली जाईल. दुसऱ्या दिवशी तो कमी हवेवर धावेल. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याची भिंत जास्त वाकते आणि वाकण्यानेच तो आतून तापतो. हायवेवर फुटलेले जे टायर माझ्यासमोर येतात, त्यांतल्या बऱ्याच टायरांची भिंत आतून चोळामोळा होऊन तिचा काळा भुगा झालेला असतो. ती खूण कमी हवेवर पळाल्याची. भीती ३९ ची वाटते आणि घात २६ करतो.

जाता जाता सांगतो, तेरखेड्यात टायर फुटला तरी कुणी मान वळवत नाही. कुठेतरी फटाका लावून बघत असतील, असं समजतात.

२. चौघांची तुलना करा

एकट्या आकड्याने माझं कधी समाधान होत नाही. गिऱ्हाइकाने "बत्तीस आहे" म्हटलं, की मी विचारतो, "बाकीच्या तिघांत किती?" स्क्रीनचा खरा उपयोग या तुलनेत आहे. चारही आकडे एकत्र चढले तर ते ऊन. जानेवारीच्या थंडीत चारही एकत्र दोनने उतरले तर ती थंडी. तीन जागेवर आणि एकच घसरतोय, तर चाकात काहीतरी घुसलंय, वॉल्व्ह गळतोय किंवा रिमच्या कडेला टायर नीट बसलेला नाही.

इथून जवळच्या वाशीला नोकरीला असलेले एक सर रोज माझ्या दुकानावरून जातात. त्यांच्या गाडीत ३४, ३४, ३४ आणि ३२ असं दिसत होतं. ते म्हणाले, "दोनाचाच फरक आहे, चालेल." मी त्यांना एवढंच म्हटलं, की उद्या सकाळी गाडी हलवायच्या आधी परत बघा. दुसऱ्या दिवशी पहिले तीन होते तिथेच आणि चौथा ३०. संध्याकाळी टायर खोलला. नक्षीच्या खाचेत लाकडात मारतात तसला बारीक स्क्रू गेला होता आणि त्याचं डोकं झिजून रबराला समांतर झालं होतं. हाताला लागत नव्हतं, डोळ्याला दिसत नव्हतं. साबणाचं पाणी टाकल्यावर तिथे टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा उठायचा, फुटायचा आणि बऱ्याच वेळाने दुसरा उठायचा. अशी गळती पूर्वी टायर पार बसल्यावरच कळायची. सेन्सरची किंमत वसूल होते ती अशा ठिकाणी.

तुलना करताना उन्हाचा विचार ठेवावा. आमचा रस्ता दक्षिणोत्तर आहे. बीडकडे तोंड करून उभ्या गाडीची डावी बाजू दुपारनंतर उन्हात येते आणि उजवी सावलीत राहते. अर्ध्या-पाऊण तासाने डावीकडची दोन्ही चाकं एक-दोन पीएसआयने जास्त दाखवू लागतात. हा फरक जोडीने येतो, म्हणून ओळखू येतो. एकाच बाजूची दोन्ही चाकं वर असतील तर आधी सूर्य कुठे आहे ते बघा.

३. दिव्याची वाट बघू नका

घोड्याच्या नालासारखी आकृती, खाली दातेरी रेघ आणि मधे उद्गारचिन्ह, असा तो पिवळा दिवा. पुष्कळ लोकांना तो इंजिनचा वाटतो. एकाने तर ऑइल बदलून आणलं होतं.

या दिव्यामागे एक मोठी हकिगत आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी फायरस्टोनच्या टायरांची नक्षी सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटल्या, माणसं गेली आणि २००० साली तिथल्या संसदेने ट्रेड अॅक्ट केला. त्यातून टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि सप्टेंबर २००७ पासून तिथली प्रत्येक नवी हलकी गाडी ती घेऊन येऊ लागली. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कारना ती लावली. आपल्याकडे तिचं मानक आहे, एआयएस-१५४ नावाचं. पण सरसकट सगळ्या कारना सक्ती नाही. म्हणून एकाच मॉडेलच्या महाग गाडीत ती असते आणि स्वस्तातल्या गाडीत नसते.

अमेरिकेच्या नियमात दिवा कधी लागावा, तर कंपनीच्या आकड्यापेक्षा दाब पंचवीस टक्क्यांनी खाली गेल्यावर. म्हणजे ३३ च्या टायरला सुमारे २५ पर्यंत दिवा गप्प बसला तरी तो नियमातच आहे. २६ वर तुमची गाडी तुम्हाला काही सांगणार नाही आणि २६ वर हायवेला पळणं काय असतं ते वर लिहिलंच आहे. आकडे दिसत असतील तर तीनने कमी झाल्यावर हवा भरा. दिव्याचं काम शेवटच्या इशाऱ्याचं.

आणखी एक खूण. दिवा लागून स्थिर राहिला तर हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेचा प्रश्न नाही, यंत्रणेत बिघाड आहे. बहुतेक वेळा एखाद्या सेन्सरची बॅटरी संपलेली असते. अशा गाडीत कितीही हवा भरा, दिवा जात नाही आणि शिव्या आम्ही खातो.

४. आकडा न दाखवणाऱ्या गाड्याही असतात

काही गाड्यांत नुसता दिवा असतो, आकडे नसतात. गिऱ्हाइकाला वाटतं आकडे कुठेतरी मेनूत दडलेत. दडलेले नसतात, ते मुळात नसतातच. त्या गाडीच्या चाकात दाब मोजणारं काही बसवलेलंच नाही. ब्रेकच्या एबीएससाठी प्रत्येक चाकाच्या फिरण्याचा वेग मोजला जातो, त्यावरूनच ती अंदाज बांधते. हवा कमी झाली, की चाकाची उंची किंचित घटते आणि तेवढंच अंतर कापायला ते इतरांपेक्षा किंचित जास्त फिरतं. गाडीचा संगणक तो फरक पकडतो.

स्वस्त, टिकाऊ, बॅटरी नको. पण उणीव ध्यानात ठेवायला हवी. चारही चाकांतली हवा महिनोन्‌महिने सारखीच उतरत गेली तर फरक पडत नाही, आणि फरक नाही म्हणून इशारा उशिरा येतो किंवा येत नाही.

या गाड्यांत रिसेटचं बटण किंवा मेनूत तसा पर्याय असतो. चारही चाकांत बरोबर हवा भरून मग ते दाबायचं, म्हणजे गाडी शिकते की हे 'बरोबर' आहे. लोक काय करतात? दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून हवा न भरताच बटण दाबतात. दिवा विझतो. आता गाडीने कमी हवाच बरोबर म्हणून पाठ केली. एक लग्नाची पार्टी असा तीन वेळा विझवलेला दिवा घेऊन लातूरहून आली होती. मीटर लावलं तर मागच्या डाव्यात २१. गाडीत सात माणसं आणि वर आहेराची भांडी.

५. सेन्सर झोपलेला असतो

मी हवा भरतो, मीटरवर ३३ दाखवतो, गिऱ्हाईक आत बसतं आणि ओरडतं, "अजून २९ च आहे! तुम्ही भरलीच नाही."

चाकातल्या सेन्सरला बॅटरी बदलता येत नाही, म्हणून तो काटकसरीने जगतो. गाडी उभी असताना झोपतो. चाक फिरू लागलं, वेग वीस-पंचवीसच्या पुढे गेला, की आतल्या हालचाल ओळखणाऱ्या भागाला कळतं आणि तो जागा होऊन साधारण मिनिटाला एकदा रेडिओवरून आकडा पाठवतो. दाब एकदम घसरला तर मात्र लगेच पाठवतो. म्हणून काही गाड्यांत सुरू केल्याबरोबर जुनाच आकडा दिसतो आणि काहींत नुसत्या रेषा, किंवा गाडी चालवल्यावर दिसेल अशा अर्थाची सूचना. मी आता वाद घालत नाही. म्हणतो, "दादा, दोन-चार किलोमीटर पुढे जाऊन बघा. आकडा नाही बदलला तर पुढच्या कटवरून परत या, पैसे परत." आजवर पैसे परत मागायला कुणी आलेलं नाही.

शेजारच्या गाडीची हवा माझ्या स्क्रीनवर येईल का, असंही विचारतात. येत नाही. प्रत्येक सेन्सरला आपला स्वतंत्र क्रमांक असतो आणि गाडी फक्त आपल्या चौघांचं ऐकते.

६. पीएसआय, बार, किलोपास्कल

जवळच्या एका वाडीवरचे आबा. पुण्यातल्या मुलाने जुनी गाडी त्यांना दिली. गाडी माझ्याकडे लावून म्हणाले, "मिस्त्री, पोरानं गाडी दिली, पर हवा भरायची इसरला जणू. बगा की, दोन पॉइंट तीनच दावतंय. सायकलीत बी यापरीस जास्त असती."

"आबा, ते बारमध्ये आहे."

"बारमदी?" आबा माळकरी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी घाईने पुढे सांगितलं, "बार म्हणजे माप हो. किलो आणि पाउंड असतं ना, तसं."

२.३ बार म्हणजे ३३ पीएसआय. तेच किलोपास्कलमध्ये २३०. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आमच्या धंद्यात एकक कुणी बोलत नाही. "किती?" "बत्तीस." ट्रकवाला "एकशे दहा" म्हणतो. सगळं पीएसआयच असतं. त्यामुळे स्क्रीनवर २३० बघून एखाद्या नव्या पोराने घाबरून हवा सोडायला घेतली, तर नवल नाही. गाडीच्या सेटिंगमध्ये एकक बदलता येतं. एकदा बदलून टाका.

७. माझं मीटर आणि तुमची स्क्रीन

दोघांत एकाचा फरक असेल तर भांडू नका. सेन्सरला एक-दीड पीएसआयची चूकभूल माफ असते. त्यात स्क्रीन पूर्णांकात दाखवते, म्हणजे ३२.४ चे ३२ आणि ३२.६ चे ३३. दोनपर्यंत मी चालवून घेतो. तीन-चारचा फरक आला तर कुणाचं तरी चुकतंय आणि बऱ्याचदा ते पेट्रोल पंपावरचं मीटर असतं. दिवसातून शंभरदा जमिनीवर आपटलेलं मीटर किती खरं बोलणार? हजारेक रुपयांच्या आत बरा हातमीटर मिळतो. तो डिकीत असावा आणि तपासणी दर वेळी त्याच एका मीटरने करावी.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी एक गंमत. समुद्रकाठी ३३ मोजून भरलेला टायर, तापमान तेच धरलं तर, आमच्या बालाघाटाच्या पठारावर हातमीटरवर एखादा पीएसआय जास्त दाखवतो. बाहेरच्या हवेचा दाब इथे कमी, म्हणून. चिंता करायचं कारण नाही.

८. टोपीवाले सेन्सर

ज्यांच्या गाडीत कंपनीने सेन्सर दिलेले नसतात ते ऑनलाइन संच मागवतात. चार टोप्या आणि डॅशबोर्डवर ठेवायची, उन्हावर चार्ज होणारी छोटी स्क्रीन. वॉल्व्हची प्लास्टिकची टोपी काढून ही फिरवायची, झालं. माझं मत विचाराल तर वस्तू कामाची आहे, मी स्वतःच्या गाडीला लावली आहे. उभ्या गाडीतही आकडा दिसतो आणि बॅटरी बदलता येते. पण तीन गोष्टी बघून घ्याव्या.

पहिली, वॉल्व्हची नळी. बहुतेक कारना रबरी नळी असते. सेन्सरची टोपी दहा ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा वजनाने काय होणार, असं वाटतं. पण ताशी शंभरच्या वेगाने चाक फिरतं, तेव्हा ती दहा ग्रॅमची टोपी सुमारे दीड किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मलाही खरं वाटेना. जुनी, उन्हाने कडक झालेली रबरी नळी अशा ओढीने बुडाशी तडकते आणि तिथून हवा गळू लागते. संच लावायचाच तर नळ्या नव्या घाला, धातूच्या असतील तर उत्तम.

दुसरी, घट्टपणा. सेन्सर बसल्यावर तो वॉल्व्हची पिन दाबून ठेवतो, तेव्हाच त्याला दाब कळतो. म्हणजे टोपी लावलेली असते तेवढा वेळ हवा फक्त त्या टोपीतल्या रबरी वायसरने अडवलेली असते. वायसर तिरका बसला की सेन्सरच गळतीचं कारण होतो. बसवून झाल्यावर साबणाचं पाणी टाका, दोन मिनिटं बघा.

तिसरी, कुलूप-नट. चोरी होऊ नये म्हणून टोपीखाली एक चपटा नट देतात आणि तो खोलायला इवलासा पाना. तो पाना घरी खोक्यात राहतो. रात्री अकराला पंक्चर होतं, वॉल्व्हपर्यंत कुणाला पोचता येत नाही आणि मग पकडीने ओरबाडून सेन्सर तुटतो. पाना गाडीच्या किल्लीला अडकवा.

९. टायर खोलण्याआधी तोंड उघडा

चाकाच्या आत, वॉल्व्हच्या बुडाला, आगपेटीहून लहान अशी काळ्या प्लास्टिकची डबी असते. वजन तीसेक ग्रॅम. तिच्या अंगावर एक बारीक भोक, त्यातून ती हवा चाखते. आत दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, रेडिओ आणि बटणासारखी चपटी बॅटरी, सगळं सीलबंद. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे रबरी नळीऐवजी धातूचा वॉल्व्ह आणि त्याच्या बुडाशी नट. पण हल्ली काही सेन्सरना रबरी वॉल्व्हही येतो, म्हणून खुणेवर विसंबता येत नाही.

टायर रिमपासून सोडवायला मशीनचा फाळ टायरच्या कडेवर दाबावा लागतो. तो फाळ जर वॉल्व्हच्या जवळ लागला, तर डबीचा चुरा. वॉल्व्ह फाळापासून लांब राहील असं चाक फिरवून घ्यायचं आणि टॉमी घालतानाही त्या बाजूला हात घालायचा नाही. मला हे माहीत आहे. तुम्ही ज्या गावात थांबाल तिथल्या मिस्त्रीला माहीत असेलच असं नाही. त्याने टॉमी उचलण्याआधी म्हणा, "आत सेन्सर आहे." एवढ्या शब्दांनी हजारो रुपये वाचतात.

वॉल्व्हला भारी दिसणारी धातूची टोपी लावू नका. धातूवर धातू, त्यात आमच्याकडची धूळ आणि पावसाळ्याचं पाणी. दोन वर्षांत ती अशी पकडते, की टोपीबरोबर वॉल्व्हच तुटून हातात येतो. प्लास्टिकची टोपी दोन रुपयांची आहे, ती बरी. टायरमध्ये ओततात तो पंक्चर बुजवणारा चीकही सेन्सरच्या भोकावर बसून त्याला बहिरा करू शकतो. ओतायचाच असेल तर सेन्सरला चालणारा आहे का, ते डब्यावर वाचा.

१०. टायर फिरवले की आकडेही फिरतात

पुढचे टायर मागे, मागचे पुढे, असे सात-आठ हजार किलोमीटरवर फिरवतात. काही गाड्या कोणतं चाक कुठे गेलं ते आपोआप शोधतात. बाकीच्यांना शिकवावं लागतं. शिकवलं नाही तर पंक्चर पुढच्या डाव्यात आणि स्क्रीन मागच्या डाव्याकडे बोट दाखवते. तपासायचा सोपा मार्ग: एका चाकातली चार-पाच पीएसआय हवा सोडा, जरा फिरवून आणा आणि स्क्रीनवर तोच कोपरा खाली येतो का बघा. मग हवा परत भरा.

११. दिवाळीचं ओझं

दसऱ्यानंतर आमच्या गावात बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागते. बार्शी, बीड, लातूर, सोलापूरकडचे लोक फटाके न्यायला येतात. येताना गाडीत दोघं, जाताना डिकी, मागची सीट आणि पायातली जागा सगळी खोक्यांनी भरलेली. स्क्रीन काय दाखवते? येताना ३३, जातानाही ३३. वजन चढवल्याने टायरच्या आतला दाब नाव घेण्याइतका वाढत नाही, टायर नुसता जास्त दबतो. म्हणून स्क्रीनला वाटतं सगळं ठीक आहे.

दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत दोन ओळी असतात, कमी माणसांची आणि भरलेल्या गाडीची. भरलेल्या गाडीला मागच्या चाकात काही पीएसआय जास्त लागतात. हा हिशेब सेन्सर करत नाही, तो आपणच करायचा. माल भरायच्या आधी, गाडी थंड असताना मागे वाढवून घ्या. आणि फटाक्यांची खोकी घेऊन माझ्या कॉम्प्रेसरजवळ बिडी ओढत उभं राहू नका. दर वर्षी कुणी ना कुणी राहतोच.

१२. स्टेपनी नसलेली गाडी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली बदल झाला आणि १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीने जागा खाल्ली आहे, तिथे तर हे सर्रास दिसतं. माणूस डिकी उघडतो, गालिचा उचलतो आणि खाली एक पंप आणि एक बाटली. चेहरा बघण्यासारखा होतो.

अशा गाडीवाल्याने स्क्रीनकडे इतरांपेक्षा दुप्पट लक्ष द्यावं. खिळा लागून हवा हळूहळू जात असेल तर किटने भागतं. कमी हवेवर पळून टायरची भिंत फाटली, तर ती बाटली काही करू शकत नाही आणि मांजरसुंब्याच्या घाटात रात्री टोइंगची वाट बघत बसावं लागतं. एक चाक उतरतंय असं दिसलं, की पुढच्या गावात थांबा. "बीडला पोचल्यावर बघू" म्हणणाऱ्यांना आणायला मी कितीदा तरी जीप घेऊन गेलो आहे.

१३. स्क्रीनला न दिसणारं

चारही चाकांत ३३, हिरवागार डिस्प्ले, आणि टायर पार गुळगुळीत. असं रोज बघतो. सेन्सर हवा मोजतो, रबर मोजत नाही. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानेही बाद. नक्षीच्या खाचांत तेवढ्याच उंचीचे रबरी उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की वेळ झाली. समृद्धी महामार्गावर अपघात वाढल्यावर परिवहन खात्याने २०२३ मध्ये टायर तपासून गाड्या मागे फिरवायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या टायरची अवस्था पहिल्यांदाच बघणारे लोक निघाले.

वयही बघा. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर नक्षीने नवा आणि वयाने म्हातारा असतो. भिंतीवर फुगा आला असेल तर हवा कितीही बरोबर असो, ती गाडी हायवेला घेऊ नका.

नायट्रोजनबद्दलही विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापला की तोही तितकाच फुगतो. कोरडा असतो, हा फायदा. पण तो भरला म्हणून स्क्रीनकडे बघणं थांबवू नये.

१४. बॅटरी संपली की

कंपनीच्या सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षं जाते. चारही एकाच दिवशी कारखान्यात बसलेले असतात, म्हणून एक गेला की बाकीचे मागोमाग येतात. नवे टायर टाकायची वेळ आणि सेन्सरचं वय जुळत असेल तर दोन्ही कामं एकदम उरकून घ्या. टायर एकदाच खोलावा लागतो, मजुरी एकदाच. बाहेरून सेन्सर मागवताना फ्रिक्वेन्सी विचारा. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडच्या गाड्यांना ४३३ चे लागतात. अमेरिकेतल्या भाच्याने हौसेने पाठवलेला संच रिममध्ये फिट्ट बसतो, पण स्क्रीनवर रेषाच राहतात. आणि नवा सेन्सर बसवल्यावर त्याचा क्रमांक गाडीला शिकवायला यंत्र लागतं. ते माझ्याकडे नाही. त्यासाठी सोलापूर किंवा संभाजीनगर गाठावं लागतं, म्हणून टायर खोलायच्या आधी फोन करून विचारून घ्या.